दुहेरी काचेची कड

आमच्या भट्टीला सुट्टी नसायची. दिवाळी असो, ईद असो, कुणाच्या घरचं लग्न असो, ती पेटलेलीच. काचेची भट्टी एकदा पेटवली की वर्षानुवर्षं विझवत नाहीत. विझली तर आतली काच थिजते, विटांना धरून बसते, आणि मग ती काढायची म्हणजे भट्टीच फोडावी लागते. हे मी कुणाला सांगितलं की लोक आधी माझ्याकडे पाहायचे आणि मग सहानुभूतीने माझ्या नवऱ्याकडे.

अमरावतीच्या बाहेर, नांदगाव पेठेच्या पुढे आमचा सपाट काचेचा कारखाना. खिडक्या, दारं, दुकानांचे दर्शनी भाग, जिन्यांचे कठडे यांना जी काच लागते ती तिथे बनते. मी प्रयोगशाळेत लागले, पुढे मालाच्या तपासणीचं सगळं खातं माझ्याकडे आलं. एके दिवशी वरून आदेश आला की प्रत्येक कारखान्यात पर्यावरणाचं काम पाहणारं कुणीतरी हवं. बैठकीत सगळ्यांनी टेबलाकडे पाहिलं, मी खिडकीकडे पाहत होते. तेव्हापासून तेही काम माझंच झालं.

माझं माहेर फुलवाल्यांचं. अमरावतीच्या बाजारात आमचं झेंडू-शेवंतीचं दुकान होतं. संध्याकाळपर्यंत गेलं नाही ते फूल वाया, या घाईत आमचं लहानपण गेलं. मी रसायनशास्त्र शिकले आणि नेमकी अशा धंद्यात पडले जिथला माल शंभर वर्षांनीही कुजत नाही. काचेची हीच खुबी, आणि माझ्या वाट्याला आलेल्या कामात हीच अडचण.

काच कशी होते ते थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. बारीक वाळू, सोडा आणि चुन्याच्या जातीचे दगड भट्टीत जातात. पंधराशे अंशांच्या आसपास त्यांचा मधासारखा दाट रस होतो. तो रस वितळलेल्या कथलावर सोडतात. पाण्यावर तेल पसरतं तसा तो कथलावर पसरतो आणि आपोआप सपाट होतो. मग त्याचा अखंड, रुंद पट्टा एका लांबलचक बोगद्यातून हळूहळू थंड होत बाहेर येतो आणि शेवटी कापला जातो. यात घाई चालत नाही. काच पटकन थंड केली तर ती मनात राग धरते, आणि तो राग कधी बाहेर काढेल ते सांगता येत नाही.

भट्टीत आणखी एक गोष्ट घालतात, फुटकी काच. तिला आम्ही कलेट म्हणतो. ती एकदा वितळून झालेली असल्याने दुसऱ्यांदा कमी आचेवर वितळते. गॅस वाचतो, दगड कमी लागतो, धुराड्यातून कमी धूर जातो. आमच्याच कारखान्यात कापताना उरलेले तुकडे आम्ही पहिल्यापासून परत भट्टीत घालत होतो. बाहेरची फुटकी काच मात्र कधी घेतली नव्हती. बाहेरच्या काचेबरोबर काय काय येईल याची भीती होती.

एकदा नणंदेकडे अकोल्याला गेले होते. शहराबाहेर एका नाल्याच्या काठावर काहीतरी चमकत होतं. जवळ जाऊन पाहिलं तर खिडक्यांच्या काचा. नाल्याचा अख्खा उतार काचेने भरलेला. चारच्या उन्हात डोळे दिपत होते. पलीकडे एक म्हैस पाय उचलून उभी होती, तिच्या खुराच्या वर कापलेलं होतं. काच कुणाची म्हणून विचारत गेले तर जवळच्या भंगाराच्या गोदामाकडे बोट दाखवलं गेलं.

ते गोदाम नसीम आपाचं. पन्नाशीची, उंच, आवाज असा की ट्रकचा हॉर्न दबून जावा. तिचे पती पाडायला काढलेल्या इमारतींची जुनी दारं-खिडक्या विकत घ्यायचे. ते गेल्यावर आपाने तेच काम पुढे चालवलं. लाकूड, लोखंड, अ‍ॅल्युमिनियम सगळं खपायचं. काच कुणी घेत नव्हतं, म्हणून ती नाल्यात.

"आपा, ही काच मला पाहिजे," मी म्हटलं.

"कितीक? खिडकीले बसवाची का?"

"सगळी."

"सगळी? कायले?"

"वितळवायला."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बाई, तुमी खरंच काचेच्या कारखान्यातल्या आहा, का मले येडी बनवून राहिल्या?"

मी तिला ओळखपत्र दाखवलं. तिने ते हातात घेऊन फोटोशी माझा चेहरा ताडून पाहिला आणि मग चहा मागवला.

कारखान्यात परवानगी मिळवायला चहापेक्षा जास्त वेळ गेला. आमचे प्लांट हेड बर्वे साहेब पुण्याचे. नीटनेटका, शांत माणूस. ओरडायचे नाहीत, पण त्यांचा नकार दगडात कोरल्यासारखा असायचा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चालेल. पण काचेत डाग दिसला तर त्या दिवशी बंद." मी कबूल केलं.

आपाने बाया कामाला लावल्या. आम्ही हातमोजे, चष्मे, जाड बूट पुरवले. चौकट काढायची, रबर ओढून काढायचं, स्क्रू वेचायचे, रंगीत आणि आरशाची काच बाजूला करायची. पहिला ट्रक आला तेव्हा आमचा भट्टीप्रमुख शेख रफीक स्वतः ढिगावर चढला. रफीकभाई बडनेऱ्याचा. भट्टीच्या झरोक्यातून निळ्या काचेआडून आत पाहायचा आणि आतल्या रसाच्या रंगावरून भट्टीची तब्येत सांगायचा. काही आठवड्यांनी तो मला म्हणाला, "मॅडम, भट्टीले हा खुराक मानवला. गॅस कमी करूनई मस्त उकळून राहिली."

त्या हिवाळ्यात मी फार खुशीत होते. नाल्याचा उतार मोकळा होत चालला होता. आपाने आणखी बाया घेतल्या. बर्वे साहेबांनी मुख्य कार्यालयातल्या लोकांना दाखवायला फोटो मागितले.

उन्हाळ्यात गावंडे काकांचा फोन आला.

त्यांचं अकोल्यात कपड्यांचं दुकान. दर्शनी दार आमच्या टफन काचेचं. टफन काच म्हणजे साधी काच पुन्हा तापवून हवेच्या झोताने झटक्यात थंड केलेली. ती साध्या काचेपेक्षा कितीतरी मजबूत असते, आणि फुटलीच तर तिच्या सुऱ्या होत नाहीत, साबुदाण्याएवढे दाणे होऊन पडतात. म्हणून दारांना तीच लावतात.

"म्याडम, दार फुटलं," काका म्हणाले. "कोणी हात नाई लावला, कोणी दगड नाई मारला. मी गल्ल्यावर बसून होतो. धाडकन आवाज झाला अन् दार खाली."

मी त्याच दिवशी अकोल्याला पोचले. तोवर समोरच्या दुकानदारावर संशय घेऊन त्याच्याशी त्यांचं कडाक्याचं भांडण होऊन गेलं होतं. त्यांनी मला कॅमेऱ्यातलं चित्रण दाखवलं. रिकामा रस्ता, ऊन, बंद दार. एक बाई लेकराला कडेवर घेऊन दार ढकलून आत आली. ती काउंटरपर्यंत पोचत नाही तोच तिच्या पाठीमागे दाराचं दाण्यांचं पोतं झालं आणि खाली सांडलं. बाई दचकून वळली. लेकरू रडायला लागलं. कुणाला ओरखडाही आला नव्हता.

"आता तुमीच सांगा," काका म्हणाले, "मी काय समजू? बाहेरचं काही समजू का?"

"नाही काका. काचेतलंच काहीतरी आहे. मला शोधू द्या."

काकांनी एक फार चांगली गोष्ट केली होती. वरच्या पट्टीत अडकून राहिलेल्या काचेला पुरावा म्हणून कुणालाही हात लावू दिला नव्हता. मी स्टुलावर चढून पाहिलं. टफन काच आतून काही कारणाने फुटली तर जिथून फुटायला सुरुवात होते तिथे दोन थोडे मोठे तुकडे एकमेकांना लागून असतात, पंख पसरलेल्या फुलपाखरासारखे. ते तुकडे नेमके त्या पट्टीखालीच होते. मी ते चिकटपट्टीने धरून काढले आणि कापसात गुंडाळून अमरावतीला आणले.

रफीकभाई आणि मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. दोन तुकड्यांच्या मधोमध एक चकचकीत गोल ठिपका होता आणि त्याच्याभोवती केसासारखी चीर.

"चांदीच्या मण्यावानी दिसून राहिलं," तो म्हणाला. आम्हा दोघांनाही ते काय आहे ते कळलं होतं.

भट्टीत अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा गेला तर तो वाळूतला प्राणवायू ओढून घेतो. मागे उरतो तो हा धातूसारखा मणी. काच थंड होताना जशी आकसते तसा तो आकसत नाही, म्हणून भोवती चीर पडते. साध्या काचेत ती चीर तशीच पडून राहते. टफन काच मात्र आतून ताणलेली असते. एखाद्या तापलेल्या दुपारी ती चीर ताणापर्यंत पोचते आणि सगळंच सुटतं. आमच्या वाळूत, सोड्यात अ‍ॅल्युमिनियमचा धातू कुठून येणार? ते खिडक्यांबरोबरच आलेलं होतं. लोखंड असतं तर आमच्या चुंबकांनी धरलं असतं. अ‍ॅल्युमिनियमला चुंबक ओळखत नाही. पट्ट्यावरच्या कॅमेऱ्यांनी मोठे डाग पकडले होते, हा त्यांच्या नजरेतून निसटला होता.

मी बर्वे साहेबांकडे गेले. त्यांनी मण्याचे आणि फुटलेल्या तुकड्यांचे फोटो पाहिले. "बाहेरचा कलेट आत्तापासून बंद," ते म्हणाले.

"हो सर. पण एवढ्याने भागणार नाही. दाराच्या कोपऱ्यातल्या शिक्क्यावरून कुठल्या पाळीतली काच ते सापडलं. त्याच पाळीतली काच अमरावतीत एका लहान मुलांच्या दवाखान्याच्या जिन्याला लागली आहे."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुम्हाला कल्पना आहे, आपण होऊन हे सांगायला गेलो तर काय होईल? ते लोक आपली बाकीची काचही काढून टाकतील. इतर ठिकाणी बोलतील."

"बोलू देत. सर, कठडा आहे तो. मुलं त्याला धरून जिना चढतात."

त्यांनी फोटो पुन्हा जवळ ओढले. "बरं. उद्या उतरवून घ्या."

"आज."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि चष्मा पुन्हा घातला. "आज."

दवाखान्यात आमच्या फिटरांनी काचा उतरवल्या आणि त्या जागी प्लायवूड ठोकलं. तिथल्या डॉक्टर बाई जिन्याच्या वरच्या टोकाला हाताची घडी घालून उभ्या होत्या. माझं बोलणं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "चांगली असेल तर काढता कशाला? आणि वाईट होती तर लावली कशाला?" मी म्हटलं, "नवीन काच मी स्वतः तपासून आणीन." त्या म्हणाल्या, "तुम्ही नका आणू. आम्ही लोखंडी बसवतो." ते दवाखान्याचं गिऱ्हाईक आमच्याकडून कायमचं गेलं.

आत मणी असेल ती काच तिथेच फुटावी म्हणून उतरवलेल्या काचा आम्ही तपासणीच्या भट्टीत ठेवून तापवल्या. त्यात एक फुटली. जिन्याच्या सगळ्यात खालच्या भागातली, जिथे लहान मुलाचा हात सहज पोचतो. बर्वे साहेब ते पाहायला खाली आले होते. एक दाणा उचलून पाहिला आणि परत वर गेले. त्यानंतर त्या पाळीतली दारा-कठड्यांना गेलेली प्रत्येक काच आम्ही शोधून परत आणली. त्याबद्दल त्यांनी एकदाही हात आखडता घेतला नाही, हे लिहायलाच हवं.

गावंडे काकांकडे नवीन दार बसवायला मी स्वतः गेले आणि मणी आमच्या भट्टीतला आहे हे सांगितलं. काकांनी विचार केला. "म्हंजे समोरच्यानं नाई फोडलं," ते म्हणाले. त्यांना जरा वाईटच वाटलेलं दिसलं. मग शर्टाची बाही सारखी करत ते रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेले.

या सगळ्या धावपळीत आपाला नीट निरोप द्यायचा राहिला. कुणीतरी फोनवर "माल बंद" एवढंच सांगितलं, आणि वाटेत असलेला ट्रक गेटवरून परत फिरवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच ट्रक पुन्हा गेटवर उभा. या वेळी ड्रायव्हरच्या शेजारी आपा बसलेली.

"माल खराब हाय तं मले दाखवा," ती म्हणाली. "फोनवर बंद म्हणता? माह्याकडं बाया कामाले हाये. त्यायले मी काय सांगू? कावून बंद झालं ते तं समजू द्या."

गेटवरचा माणूस तिला आत सोडायला तयार नव्हता. मी पाहुणी म्हणून तिचं नाव दिलं, हेल्मेट दिलं आणि थेट भट्टीवर नेलं. रफीकभाईने तिच्या हातात निळी काच दिली. तिने झरोक्यातून आत पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर नारिंगी उजेड पडला होता. मग आम्ही बोगद्याच्या शेवटी गेलो, जिथे काचेचा पट्टा सरकत बाहेर येतो. आपा तिथे कितीतरी वेळ उभी राहिली.

"याच्यात माही काच हाये?"

"होती. बंद होईपर्यंत."

तिला प्रयोगशाळेत आणून मणी दाखवला. गावंडे काकांच्या दुकानातली ती बाई, ते लेकरू, दवाखान्याचा जिना, सगळं सांगितलं. तिने सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला.

"एवढुसा?"

"एवढ्यानेच."

ती खुर्चीवर बसली. हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. माझ्या बायांनी स्क्रूसुद्धा ठेवला नाही, असं काहीतरी ती म्हणेल म्हणून मी वाट पाहत होते. ती म्हणाली, "गाडी खाली करा. पाहू दोघी."

शेडमध्ये ताडपत्री पसरून आम्ही ट्रक रिकामा केला. पाळी संपल्यावर रफीकभाईही आला. आम्ही तुकडा न् तुकडा पाहत होतो. चौकटीचा एक तुकडा नाही, स्क्रू नाही. आपाच्या बायांनी काम चोख केलं होतं. शेडचं पत्र्याचं छप्पर तापून वाजत होतं. दुपार कलली तरी काही सापडेना. मला वाटायला लागलं की मणी कुठून आला हे कधीच कळणार नाही, आणि मग बाहेरची काच पुन्हा कधी येणारही नाही.

ढिगाच्या तळाशी काही तुकडे जोडीने होते. दोन काचा, मध्ये बोटभर अंतर आणि कडेला डांबरासारखा काळा थर.

"हे कुठलं, आपा?"

"एका मोठ्या हापिसाची बिल्डिंग तोडली, तिथलं. काच डबल होती, एकीले एक चिपकलेली. आमी बाहेरची चौकट काढली. हे काळं रबर समजलं. म्हटलं, भट्टीत जळून जाईन."

रफीकभाईने खिशातून चाकू काढला आणि काळा थर चिरला. आत पातळ, चमकणारी, पोकळ पट्टी होती. ती वाकवली तर तिच्यातून पांढरे बारीक दाणे घरंगळले, ओल शोषून घ्यायला भरलेले. पट्टी अ‍ॅल्युमिनियमची.

"मॅडम," रफीकभाई हळूच म्हणाला, "हे तं आपनच बनवतो."

खरं होतं. आमच्या कारखान्याच्या पलीकडच्या शेडमध्ये ही दुहेरी काच बनायची. मधल्या कोरड्या हवेमुळे उन्हाची तलखी आत येत नाही, वातानुकूलनाची वीज वाचते. अमरावती-अकोल्याच्या उन्हाळ्यात तिच्यासारखी काच नाही. पर्यावरणाची काळजी घेणारी काच म्हणून आम्ही ती विकत होतो, आणि तिच्या जाहिरातपत्रकावरचा मजकूर मीच तपासून दिला होता. ती लावायची कशी हे त्यात होतं. आयुष्य संपल्यावर ती सोडवायची कशी, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

कारण सापडलं, आता वाट मोकळी होईल असं मला वाटलं. बर्वे साहेब म्हणाले, "कारण सापडलं हे चांगलं झालं. बंद आहे ते बंदच राहील."

मग आम्ही कामाला लागलो. कापणी विभागातल्या एका कारागिराला घेऊन मी सुट्टीच्या दिवशी अकोल्याला जायला लागले. काच कापायच्या हिरकणीने कडेपासून थोडं आत रेघ मारायची आणि दाबून मोडायचं, की काळी कड पट्टीसकट वेगळी निघते. टफन काचेवर हिरकणी चालत नाही. तिला कोपऱ्यात टोला देऊन दाणे पाडायचे आणि कडेची चौकट अख्खी उचलून बाजूला ठेवायची. ऐकायला सोपं आहे. वैशाखात पत्र्याखाली, चष्मा आणि मोजे घालून, काळ्या थराचा वास घेत दिवसभर करणं सोपं नव्हतं. काही बाया सोडून गेल्या. राहिल्या त्यांचे हात असे बसले की रेघ एका दमात, न थांबता.

कारखान्यात दर सोमवारच्या बैठकीत मी हा विषय काढायचे.

"तुमचं पुन्हा तेच?" बर्वे साहेब विचारायचे.

"पुन्हा तेच, सर."

पावसाळा असाच गेला. आपाच्या गोदामात साफ केलेली काच छपराखाली रचून ठेवलेली. कुणी घेणारं नव्हतं. जागा अडली होती, इतर भंगार ठेवायला अडचण व्हायची. मी एकदा म्हटलं, "आपा, माझ्या शब्दावर किती दिवस थांबशील? नाल्यात टाकलीस तरी मी काही म्हणणार नाही."

"आता फेकवत नाई," ती म्हणाली. "भट्टीतलं ते लाल पाणी पाह्यलं ना मी."

दसऱ्याच्या सुमारास बर्वे साहेब अचानक म्हणाले, "चला, अकोल्याला जाऊन येऊ." गोदामात पोचल्यावर बाह्या दुमडल्या आणि रचलेल्या काचेतून मनाला येईल तिथून तुकडे काढायला लागले. आणलेल्या धातुशोधक यंत्राखालून एकेक तुकडा घातला. आपा कमरेवर हात ठेवून पाहत होती. बाया काम थांबवून पाहत होत्या. यंत्र दिवसभर गप्प राहिलं. निघताना त्यांनी एका बाईच्या हातातली हिरकणी मागून घेतली, दुहेरी काचेवर रेघ मारली आणि मोडायला गेले. काच वाकडी तुटली.

"साहेब, हात थांबला तुमचा," आपा म्हणाली.

"थांबला खरा," साहेब म्हणाले. गाडीत बसल्यावर त्यांनी मला सांगितलं, "टफन होणार नाही अशा मालात आधी घालून बघू. काचेचा प्रत्येक पाट तपासायचा."

तपासला. मणी सापडला नाही. तरीही ते घाई करणारे नव्हते. कलेट वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर धातुशोधक बसला, टफन काचेचा प्रत्येक पाट तपासणीच्या भट्टीतून काढायचा नियम झाला, आणि मगच आपाचा ट्रक गेटमधून रीतसर आत आला. त्या दिवशी रफीकभाईने कलेटच्या कुंडीशी उभं राहून पहिली खेप स्वतः सोडली.

पुढे कंपनीने काचेतलं अ‍ॅल्युमिनियम बाजूला उडवून देणारं मोठं यंत्र घेतलं. ते मीच मागितलं होतं. यंत्र आल्यावर आपाकडच्या बऱ्याच बायांचं काम गेलं. चिकटलेली कड यंत्राला सुटत नाही, म्हणून हिरकणीवाल्या राहिल्या, बाकीच्यांना दुसरं काम पाहावं लागलं. मी गॅस किती वाचला त्याचं कौतुक ऐकत होते तेव्हा त्यातली एक जण बाजारात कांदे निवडत बसलेली मला दिसली. तिने ओळख दिली, हसली. मी कांदे घेतले.

निवृत्त व्हायच्या आधी मी एक शेवटची गोष्ट करून पाहिली. दुहेरी काचेचा आराखडा करणाऱ्या विभागात गेले. तिथला प्रमुख निखिल, हुशार, कामाचा. त्याला म्हटलं, कड अशी बनवा की वीस-तीस वर्षांनी कुणाला ती न फोडता सोडवता येईल.

"मॅडम, सुटू नये म्हणूनच तर एवढं चिकटवतो," तो म्हणाला. "जरा फट पडली की दमट हवा आत जाते, काच आतून धुरकटते. मग गिऱ्हाईक मला पकडतं."

त्याचं बरोबर होतं. मी आणखी दोनदा गेले, त्याने दोन्ही वेळा तितक्याच आदराने तेच सांगितलं. माझा निरोप समारंभ झाला, हार झाला, मी घरी आले.

मागच्या आठवड्यात अकोल्याला गेले होते. आपाच्या गोदामात आता दुहेरी काचाच जास्त येतात. गेल्या काही वर्षांत जिकडे तिकडे त्याच लागल्या आहेत. आपा स्वतः हिरकणी घेऊन बसली होती. तिची दृष्टी कमी झाली आहे, बोटांनी कड चाचपून रेघ मारते. कापलेल्या काळ्या कडांचा ढीग तिच्या मागे भिंतीएवढा झाला होता. त्या कुणी घेत नाही, आणि ती फेकत नाही.

"बाई, बनवनाऱ्याले सांगा ना," ती म्हणाली, "खोलता येईन अशी बनव म्हना."

"सांगितलं."

"मंग?"

"जमत नाही म्हणतो."

"अन् तुमी आयकून घरी आल्या?"

तिने पुढची काच ओढून घेतली, अंगठ्याने कड चाचपली.

"मंग आता सुट्टीच हाये तुमाले. अजून एकडाव जा."

काल निखिलला फोन केला. येत्या सोमवारी सकाळी भेटतो म्हणाला. जाताना त्या ढिगातली एक कड बरोबर नेणार आहे, आणि आपाची एक हिरकणी. दोन्ही त्याच्या टेबलावर ठेवीन आणि म्हणेन, समजावून नको सांगू, ही सोडवून दाखव.